आईचं लुगडं, उशिरा भिजवलेल्या मनुका आणि शांत नाताळ

या महिन्याची पत्रं वाचायला बसले आणि तिसऱ्या-चौथ्या पत्रापासूनच लक्षात आलं की यंदा बऱ्याच घरांत नाताळ मोठा नाहीये. कुणाकडे वर्षाच्या आत माणूस गेलंय, कुणाची मुलं लांब आहेत, कुणी चाळ सोडून टॉवरमध्ये आलंय आणि अजून शेजार लागलेला नाही. आणि एवढं असून विचारलंय काय, तर गोधडी कशी शिवायची, केक कसा भाजायचा, नाताळच्या फराळातली गोड तळलेली कुलकुलं मऊ का पडतात. मला फार बरं वाटलं हे वाचून. माझं माहेर वसईचं, लग्नानंतर दहिसरला आले ती इथलीच झाले, सुई आणि ओव्हन दोन्ही माझ्या रोजच्या हातातलं, म्हणून यावेळचं अख्खं सदर याच पत्रांना दिलंय. नावं कुणाचीच छापत नाही, फक्त गाव-उपनगर.

बोरिवली

*ताई, जूनमध्ये आई गेली. आम्ही मूळचे गोराईचे, आई शेवटपर्यंत नऊवारी लुगडंच नेसायची. तिची पाच सुती लुगडी माझ्याकडे आहेत. भाऊ दुबईला, मिस्टरांची २५ तारखेला ड्युटी. यंदा घरात गोठा नाही, कंदील नाही, फराळाचंही काही नाही. मला त्या लुगड्यांची गोधडी करायचीय पण मी आयुष्यात बटणं लावण्यापलीकडे काही शिवलेलं नाही आणि मुख्य म्हणजे कात्री लावायला हात धजत नाही. नाताळपर्यंत होईल का?*

कात्रीचं आधी सांगते, कारण तिथेच तुम्ही अडकलायत. कात्री लावूच नका. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. ते मध्ये दुमडा, मग परत एकदा दुमडा. चार थर झाले, लांबी दोन मीटरच्या थोडी वर, रुंदी लुगड्याच्या पन्ह्याएवढी म्हणजे सव्वा मीटरच्या आत-बाहेर. एका माणसाला अंगावर घ्यायला पुरते. चार घड्यांची म्हणून तिला आपल्याकडे चौघडी म्हणतात, आणि एका लुगड्यातून ती कापडाचा एक दोराही न तोडता होते. बाकीची चार लुगडी तशीच राहू देत कपाटात, त्यांचं काय करायचं ते आत्ता ठरवायची गरज नाही.

कुठलं घ्यायचं? सगळ्यात चांगलं नको आणि सगळ्यात विरलेलंही नको. खिडकीपाशी उजेडात धरून बघा, जिथून आरपार दिसतं तिथलं कापड दमलेलं आहे, तो भाग घडीच्या आत जाईल असं दुमडा. वरच्या आणि खालच्या थराला मजबूत बाजू हवी, आतल्या दोन थरांना नुसतं सोबतीला असलं तरी चालतं.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही पण मनात असणार, ती म्हणजे धुवायचं का? शिवायचं लुगडं धुवावं लागतं, नाहीतर धूळ आणि घामाचे डाग आत अडकतात आणि पुढे कसर लागते. पण दुसरं एखादं लुगडं न धुता जाड पिशवीत घालून, तोंड बांधून ठेवा. वास महिनोन् महिने राहतो. माझी आई गेली तेव्हा मी सगळं एकदम धुवून टाकलं आणि ते आजही लागतं मनाला, म्हणून सांगतेय.

शिवायच्या आदल्या दिवशी फरशी पुसून वाळू दे. लुगडं पसरा, घडी घाला, मधून बाहेर तळहात फिरवत सगळ्या थरांतली हवा काढा. चार कोपऱ्यांवर वजन ठेवा, वरवंटा, डाळीचे डबे, काहीही. मग कच्चा टाका घाला, वीतभर अंतरावर लांब लांब टाके, नंतर हे उसवायचेच आहेत त्यामुळे वेडेवाकडे झाले तरी चालतील, पण हा भाग गाळू मात्र नका. गोधडीला सुरकुत्या पडतात त्या शिवताना नाही पडत, कच्चा टाका न घातल्याने पडतात.

सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची घ्या, दोरा जाड सुती. दादर किंवा भुलेश्वरला सुईदोऱ्याच्या कुठल्याही दुकानात गोधडीचा दोरा म्हटलं की देतात. दोरा हातभरच घ्यायचा, जास्त घेतला की गुंता होतो, आणि ओवायच्या आधी मेणबत्तीच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्यायचा, मग तो गुळगुळीत सरकतो आणि पिळा पडत नाही. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, नाहीतर चार थर टोचताना दुसऱ्या दिवशी बोट दुखून सुई धरवणार नाही.

टाका साधा धावदोरा, वरून दिसायला तांदळाच्या दाण्याएवढा. कडेपासून सुरुवात करायची, चारही बाजूंनी एक फेरा, मग दोन बोटं आत सरकून दुसरा, असं फिरत फिरत मध्यावर यायचं. उत्तर कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरकडच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी म्हणजे त्यांची गोधडी शिवतात त्याही अशाच कडेकडून आत येतात, आणि शेवटी चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची छोटी फुलं लावतात, ती लावल्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असं त्या मानतच नाहीत. त्यांच्यातही ख्रिस्ती घरं आहेत, मुसलमान आहेत, हिंदूही आहेत, गोधडी सगळ्यांची एकच.

आता वेळेचा हिशेब. दोन बोटांच्या अंतराने सगळे फेरे धरले तर साधारण ६० मीटर शिवण होते. नवा हात तासाला दोन मीटर घालतो. म्हणजे ३० तास. रोज दोन तास बसलात तर पंधरा दिवस, आणि दोन-चार दिवस सुटणार हेही धरा. २४ च्या रात्रीपर्यंत नाही झाली तर ६ जानेवारीला तीन राजांचा सण आहे, तोपर्यंत नाताळच असतो. घाई करू नका, घाईत दोरा ताणला जातो आणि ताणलेल्या दोऱ्याने कापड चुण्या धरतं. प्रत्येक हातभर शिवलं की थांबून त्यावर तळहात फिरवा, कापड सपाट बसलं पाहिजे.

एक शेवटचं. तुमच्या आईच्या पदराचं टोक बघा. ज्या बायका पदराला गाठ मारून किल्ली नाहीतर सुट्टे पैसे ठेवायच्या त्यांच्या पदराच्या टोकाला एक जागा असते, तिथलं सूत फाकलेलं असतं, कापड चुरगळून मऊ झालेलं, कितीही इस्त्री केली तरी ती घडी जात नाही. माझ्या आईच्या लुगड्याला होती. तुमच्याकडे असेल तर घडी अशी घाला की ते टोक वरच्या थरावर येईल. तिथे टाके दाट घाला म्हणजे फाटणार नाही.

आणि मुंबईत चार थर पुरेत का असं कुणी विचारलं तर सांगा, पुरेत. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंशांपर्यंत पारा उतरला होता, तो आजवरचा नीचांक आहे, तसली थंडी काही रोज येत नाही. पंख्याखाली पहाटे अंगावर ओढायला जुन्या सुती कापडाचे चार थर म्हणजे नेमकी ऊब.

परळ

*ताई मी २६ वर्षांची आहे, आम्ही ख्रिश्चन नाही पण माझी ऑफिसमधली मैत्रीण दरवर्षी केक आणायची आणि ती आता पुण्याला गेली, तर यंदा मीच घरी करायचा म्हणतेय. ओव्हन नाही. फळं महिनाभर रममध्ये भिजवतात म्हणे, मी काहीच भिजवलेलं नाही आणि आजी अंडंही खात नाही आणि दारू तर घरात येणारच नाही. आता उशीर झाला का?*

अजिबात नाही गं. रममध्ये भिजवण्याने वेगळी चव येते हे खरं आहे, पण सुक्या फळांना मऊ व्हायला पाणी शोषायचं असतं आणि ते काम संत्र्याचा रसही करतो. दोन-तीन संत्री पिळ, १०० मिली रस निघाला की तो गरम कर, उकळू नको, आणि त्यात २०० ग्रॅम बारीक चिरलेला सुकामेवा घालून झाकून रात्रभर ठेव. काळ्या मनुका, बेदाणे, खजूर, थोडी टूटीफ्रूटी, संत्र्याची साल किसून. मस्जिद बंदरला गेलीस तर सगळं एका फेरीत मिळेल, पण परळच्या कुठल्याही चांगल्या किराणा दुकानातही मिळतं. आणि वसईकडून कुणी येणार असेल तर सुकेळी मागव, राजेळी केळ्यांची सुकवलेली, चिकट, मधासारखी गोड. दोन सुकेळी बारीक कापून घातलीस तर तुझा केक तुझ्या मैत्रिणीपेक्षा वेगळा होईल आणि मला विचारशील तर जास्त चांगला होईल.

रंगाला साखर जाळून घ्यायची, बाहेरचा रंग घालू नको. तीन चमचे साखर जाड बुडाच्या भांड्यात कोरडीच ठेव, मंद आचेवर. आधी कडा वितळतील, मग सगळी सोनेरी होईल, मग तपकिरी, आणि जेव्हा पिकलेल्या चिंचेसारखा रंग येईल आणि किंचित धूर निघायला लागेल तेव्हा गॅस बंद करून चार चमचे गरम पाणी घाल. पाणी घालताना चेहरा लांब ठेव, एकदम फसफसून उडतं आणि साखरेचा चटका तेलापेक्षा वाईट. आजूबाजूला लहान मूल असेल तर हे काम त्याला बाहेर पाठवूनच कर.

मग एक कप ताजं घट्ट दही आणि पाऊण कप पिठीसाखर एकत्र फेट, त्यात अर्धा चमचा खायचा सोडा आणि सव्वा चमचा बेकिंग पावडर. पाच मिनिटं नुसतं ठेव, दह्यातला आंबटपणा आणि सोडा भेटले की बुडबुडे येतात, त्या हवेनेच केक फुगणार आहे, अंड्याचं काम इथे दही करतंय. बुडबुडे आलेच नाहीत तर सोडा जुना आहे, नवा आण, पुढे जाऊच नको. मग अर्धा कप तेल, गार झालेला साखरेचा पाक, दालचिनी-लवंग-जायफळाची अर्धा चमचा पूड आणि दीड कप चाळलेला मैदा. मैदा घातल्यावर फार घोटायचं नाही, पीठ दिसेनासं झालं की थांब. सुकामेवा निथळून, दोन चमचे कोरड्या मैद्यात घोळवून शेवटी. उरलेला रस केकमध्ये ओतू नको, तो भाजल्यावर वरून चमच्याने घाल.

भाजायला जाड बुडाचं पातेलं नाहीतर जुना कुकर. तळाला वाटीभर मीठ, त्यावर स्टँड. कुकर असेल तर शिटी आणि रबर दोन्ही काढायचे, पाणी घालायचं नाही. झाकण लावून दहा मिनिटं मध्यम आचेवर तापव, मग सात इंची डबा आत ठेवून आच एकदम कमी. पहिली चाळीस मिनिटं झाकण उघडायचं नाही, मला माहितीये उघडावंसं वाटतं, उघडायचं नाही. मग सुरी खुपसून बघ, ओली आली तर अजून दहा मिनिटं. एक तासापर्यंत लागतो. कुकरमध्ये वरून ओव्हनसारखा रंग येत नाही, त्याची काळजी करू नको. आणि त्याच दिवशी कापू नको. रस घातलेला केक गुंडाळून दोन दिवस ठेवलास की चव बसते, म्हणून २२ ला भाज, २४ ला काप.

वाकोला

*प्लम केकमध्ये प्लम कुठे असतो?*

नसतो. जुन्या इंग्रजीत सुक्या द्राक्षांनाही प्लम म्हणायचे, ते नाव तसंच चिकटून राहिलं. मनुका घातल्यात की तो प्लम केक झाला.

मालाड

*आमच्या वाडीत पूर्वी केकचं मिश्रण डब्यात घालून बेकरीत न्यायचो, पाव काढून झाले की ते भाजून द्यायचे. आता बेकरीवाला नाही म्हणतो. घरच्या ओव्हनमध्ये तसा केक होत नाही, वरून फाटतो आणि आतून कच्चा राहतो.*

त्या बिचाऱ्यांवर रागवू नका. हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर न्यायला सांगितल्या, हवेसाठी ते बरोबरच आहे, पण बऱ्याच जणांची भट्टीच बदलली. मलाही त्या रांगेची आठवण आहे, प्रत्येक डब्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला, आणि घरी परत नेताना डबा टॉवेलमध्ये गुंडाळूनही हाताला चटका बसायचा.

तुमचा केक फाटतो कारण तुमचा ओव्हन फार गरम आहे. भट्टीतून पाव निघाले की ती हळूहळू निवत जायची, आणि त्या निवत जाणाऱ्या उष्णतेत केक आतपर्यंत सावकाश शिजायचा. फळांचा जड केक घाईने भाजला की वरची कड आधी घट्ट होते, आतलं पीठ नंतर फुगतं आणि वर यायला जागा शोधतं, मग कड फाटते. तेच घरी करा. ओव्हन १६० अंशांवर तापवून केक आत ठेवा, अर्ध्या तासाने १४० वर आणा, आणि वरून रंग चढायला लागला की डब्यावर फॉइल सैल टाका. आठ इंची केकला दीड तास, कधी पावणेदोन तासही लागतो. शक्य असेल तर ओव्हनच्या आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्या, क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत मिळतो. बटणावर १६० लिहिलंय म्हणजे आत १६० आहे असं नसतं, माझ्या ओव्हनमध्ये वीस अंशांचा फरक निघाला होता आणि मी तोपर्यंत कित्येक वर्षं माझ्याच कृतीला दोष देत होते.

सांताक्रूझ

*कुलकुलं आणि नेवऱ्या केल्या की दोन दिवसांत मऊ. काय चुकतं?*

दोन गोष्टी. एक म्हणजे आच. मोठ्या आचेवर तळलं की बाहेरून लगेच लाल होतं आणि आत ओलावा राहतो, तो नंतर बाहेर येऊन कड मऊ करतो. तेल मध्यम तापवा, कुलकुलं टाकली की आच कमी, बुडबुडे जवळपास थांबेपर्यंत तळा. दुसरं म्हणजे घाई. कोमट असताना डब्यात भरलं की त्यांचीच वाफ त्यांना मऊ करते. पेपरवर पसरून पूर्ण गार होऊ दे, आणि मग स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. आपल्या मुंबईची हवा डिसेंबरातही कोरडी म्हणावी अशी नसते, त्यात डबा गॅसच्या बाजूला ठेवलात तर भाताची वाफ त्यालाच लागते. डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. मऊ झालेली टाकू नका, ओव्हनमध्ये १२० वर दहा-बारा मिनिटं ठेवून गार केली की परत कुरकुरीत होतात. नेवऱ्यांचं मात्र असं होत नाही, आतलं ओलं खोबरं नीट परतून कोरडं करणं हाच एक उपाय.

मुलुंड

*मुलगा शिकायला जर्मनीला गेलाय, त्याच्या शाळेपासूनच्या टी-शर्टांची गोधडी मशीनवर करतेय, नाताळच्या सुट्टीत तो येणार नाहीये म्हणून पार्सल करायचीय. पण कापड ताणलं जातं आणि खालचं अस्तर गोळा होतं.*

टी-शर्टचं कापड स्वेटरसारखं विणलेलं असतं, ते ताणलं जाणारच. प्रत्येक चौकोन कापायच्या आधी मागून फ्युजिंग लावा, शिंपी लोक कॉलरला लावतात ते, पातळ बघून घ्या, इस्त्रीने चिकटतं. मग ते साध्या कापडासारखं वागतं. सुई बॉलपॉइंट घ्या, नेहमीची सुई टी-शर्टचे धागे तोडते आणि धुतल्यावर भोकं दिसतात. अस्तर गोळा होतं कारण मशीनचे दात खालचा थर ओढतात आणि वरचा थर मशीनच्या पायाखाली मागे राहतो. वॉकिंग फूट नावाचा पाय मिळतो तो दोन्ही थर एकत्र सरकवतो, नाहीच मिळाला तर टाका मोठा करा, सव्वातीन-साडेतीनवर, पायाचा दाब कमी करा आणि इथे कडेकडून नको, मध्यापासून बाहेर शिवत जा. आणि अस्तराचं सुती कापड नवं असेल तर आधी धुऊन वाळवून घ्या, पहिल्या धुण्यात ते आटतं. मंगलदास मार्केटला पन्हा मोठा मागा म्हणजे मध्ये जोड येणार नाही. पार्सलच्या वजनाचा विचार करा, मध्ये कापूस नका घालू, एक जुनी सुती चादर घाला. त्याच्या खोलीत हिटर असणार, त्याला ऊब नाही, घर पाठवायचंय तुम्हाला.

काळाचौकी

*माझे वडील गिरणीत होते, ८२ च्या संपात घरी बसले ते कायमचे. आईने तेव्हा गिरणीतून आणलेल्या कापडाच्या तुकड्यांची वाकळ शिवली होती, ती माझ्याकडे आहे. आता फाटलीय, धुवायची भीती वाटते. मी ६८ वर्षांचा पुरुष माणूस, मला जमेल का दुरुस्त करायला?*

काका, जमेल. १८ जानेवारी १९८२ ला तो संप सुरू झाला तेव्हापासूनचं कापड म्हणजे चाळीस वर्षांवरचं झालं, तेव्हा मशीनमध्ये अजिबात घालू नका. मोठ्या टबात गार पाणी, अगदी थोडा सौम्य साबण, पंधरा मिनिटं बुडवून तळहाताने दाबायचं, चोळायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. ओली वाकळ फार जड होते आणि आपल्याच वजनाने फाटते, म्हणून दोरीवर टांगू नका, खाली चादर पसरून टबातून ती दोघांनी उचला आणि गच्चीवर आडवी वाळवा, सावलीत, उलटी बाजू वर करून. आधी एका कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून बघा, रंग लागला तर पाण्यात घालूच नका, नुसतं ऊन दाखवा आणि झटका.

फाटलेला भाग कापून काढू नका. त्यावर जुनंच मऊ कापड ठेवा, तुमचा एखादा जुना सुती शर्ट चालेल, कडा आत दुमडून ठिगळ लावा आणि आईच्या टाक्यांच्याच ओळीत टाके घाला. नवं कडक कापड नको, ते जुन्याला ओढून बाजूला फाडतं. मी एकदा अशीच एक वाकळ उसवली तर आत अजून एक जुनी वाकळ निघाली होती, निळ्या ठिपक्यांच्या कापडाची, वरून कुणाला पत्ताही नव्हता. तुमच्याही फाटलेल्या जागेतून आत बॅटरी मारून बघा, काय निघतंय ते. मिळालं तर मला कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय. आणि पुरुष माणूस म्हणून विचारलंत ते, मुंबईतले बहुतेक शिंपी पुरुषच होते हो, सुईला काय कळतंय.

कांदिवली

*आम्ही वर्षभरापूर्वी चाळीतून अठराव्या मजल्यावर आलो. चाळीत २५ ला सकाळी ताटं फिरायची, बारा घरी जायचं ताट, बारा घरून यायचं. इथे मजल्यावर चार फ्लॅट आहेत, मी कुणाला ओळखत नाही. सासूबाई म्हणतात यंदा काही करूच नको. मलाही खूप करायचं नाहीये, पण काहीच नाही हेही सहन होत नाही.*

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बारा ताटं आठवत बसलात तर तीन दरवाजे कमीच वाटणार. पण तीन दरवाजे आहेत ना समोर. तेवढंच करा. एक साधा केक, त्याचे चौकोनी तुकडे, चार कुलकुलं, एक संत्रं. तळलेले गोल फुगे, इंद्यालचा मसालेदार रस्सा, दुधाची बर्फी, सगळं पुढच्या वर्षी. शाकाहारी घर असू शकतं, म्हणून केक दह्याचा करा, परळच्या मुलीला वर सांगितलाय तोच, आणि दार उघडलं की आधीच सांगा की अंडं नाही, समोरच्याला विचारायला अवघडल्यासारखं होतं.

वेळ सकाळी दहाची बघा, आठला लोक झोपलेले असतात आणि बाराला बाहेर पडलेले. सासूबाईंना बरोबर न्या. त्यांनी काही करू नको म्हटलंय ते बहुतेक त्यांनाच चाळ जास्त आठवतेय म्हणून, आणि ताट हातात धरायचं काम त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहितीये. कुणी दार नाही उघडलं तर संध्याकाळी परत जा, दाराबाहेर ठेवून येऊ नका.

आणि ताट झाकायला प्लास्टिक नको. घरात एखादी जुनी सुती साडी असेलच, तिचे वीतभराचे तीन चौकोन कापा, कडा दुमडून साधा धावदोरा घाला, एका चौकोनाला वीस मिनिटं लागतात. माझी आई वसईत ताट पाठवायची तेव्हा वर असंच कापड असायचं आणि ते परत यायचं तेव्हा त्यात बांधून काहीतरी आलेलं असायचं, कधी दोन चिकू, कधी पावट्याच्या शेंगा. कापड परत द्या असं सांगू नका. आलं तर दार उघडून आत बोलवा.